चार वर्षांची लाट

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या खोलीत बाई तेवीस वर्षं लहान मुलांच्या डोक्याला तारा चिकटवत आल्या होत्या. मुलं त्यांना ‘तारावाली मावशी’ म्हणत. म्हणजे बोलता येणारी म्हणत; बाकीची नुसती बघत. मुलाला आवाज ऐकवायचा, त्यानं मेंदूत उठणारी विजेची लाट कागदावर उतरवायची आणि वयाच्या तक्त्याशी ताडून पाहायची, हे त्यांचं काम. लहानपणी ही लाट उशिरा उठते, वय वाढेल तशी लवकर. मेंदूला वेळेवर आवाज मिळाला नाही, तर ती मागेच रेंगाळते. फारच मागे राहिली, तर शस्त्रक्रियेनं आत ऐकण्याचं यंत्र बसवूनही बोलणं समजण्याची आशा फारशी उरत नाही.

त्या दिवशी एक आई मुलीला घेऊन आली. फॉर्मवर वय चार. बाईंनी कानयंत्र लावून लाट काढली.

“थोडी उशिरा आहे, पण चारच्या मानानं बसतेय. शस्त्रक्रियेला हरकत नसावी.”

आईनं काखेतली पिशवी पहिल्यांदाच खाली ठेवली.

तारा काढताना केस ओढले गेले आणि मुलगी तोंड वासून रडली. खालच्या दुधाच्या दातांच्या जागी दोन मोठे, करवतीसारख्या कडांचे दात होते. बाईंनी वाकून ते नीट पाहिले.

“ताई, हिचं खरं वय काय?”

“चारच की.”

“चारला हे पक्के दात? हे सहाव्या वर्षी येतात. मला शेंड्या लावू नका.”

आई चपलेनं फरशी घासत राहिली. “साडेसहा. जुन्या घरी शेजारणी म्हणायच्या, एवढी घोडी झाली तरी तोंडातून शब्द नाही. घर बदललं, तेव्हा अडीच वर्षं कमी सांगितली. मग सगळीकडे तेच.”

बाईंनी कागद साडेसहाच्या रकान्याशी धरला. लाट पार बाहेर होती.

“परत काढा ना. यंत्र बिघडलं असेल.”

बाईंनी परत काढली. तीच लाट.

“मग चारच राहू द्या. तुमचं काय जातं?”

“माझं काही जात नाही हो. पण तिच्या डोक्यात यंत्र बसवतील, आणि तिला त्यातून नुसता गोंगाट ऐकू येईल.”

बाईंनी चार खोडून साडेसहा लिहिलं, सही केली.

“पुढच्या वर्षी आणू का?” आईनं विचारलं.

“पुढच्या वर्षी ती साडेसात वर्षांची होईल, ताई.”