वाफसा विचारणारे चाचा

चाचांना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी पायाला भिंगरी. चहासुद्धा चालता चालता प्यायचे आणि कपबशी कुठल्या तरी शेडमध्ये विसरून यायचे.

वारूळवाडीच्या एका रोपवाटिकेत ते टोमॅटोची रोपं वाटायचे. कुणाला कधी किती ट्रे द्यायचे, सगळं डोक्यात. मी तिथे गेलो ते हेच वाटप कॉम्प्युटरवर आणायला. कॉम्प्युटरला प्लॅस्टिकचं झाकण घालायचे, ते दिवस. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे जमलं की चाचांना मोकळं करू. वय झालंय त्यांचं." चाचा दारातच उभे होते. ऐकलं, आणि मला म्हणाले, "चल भाऊ, हिंडू."

मी कसला हिंडतोय! बुकिंगची वही समोर होती. नाव, गाव, ट्रे, तारीख. आणखी काय लागतं? आठ दिवसांत प्रोग्राम तयार केला. ज्याचं बुकिंग आधी, त्याला रोपं आधी.

यादीतला पहिला शेतकरी पिंपरी पेंढारचा. जीप घेऊन आला. ट्रेला हात लावण्याआधी चाचांनी विचारलं, "रानात वाफसा हाय का? चिखल सुकून लावणीजोगं झालंय का?"

"कुठला वो चाचा, परवाच्या पावसानं पाय रुततोय अजून."

"मग रोपं नेऊन पूजा करतो का? मंगळवारी ये." त्याचे ट्रे त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकले. माझी यादी पहिल्याच नावाला मोडली. मी भडकलो. चाचा शांतपणे म्हणाले, "वहीत तारीख हाय राव, चिखल कुठं लिवलाय?"

मग मुकाट्यानं त्यांच्यामागे पंधरा दिवस हिंडलो. ते जे विचारत, ते लिहून घेत गेलो. मोटर चालू आहे का, लाइट दिवसाची की रात्रीची, लावायला बाया मिळाल्या का, मागच्या साली त्या रानात काय होतं. एकेक प्रश्न माझ्या वहीत उतरत होता आणि चाचांची तिथली गरज तेवढी कमी होत होती. मला ते सहन होईना. एकदा मुद्दाम दोन प्रश्न गाळले. त्यांनी वही मागितली, वाचली आणि परत दिली.

"अर्धवट लिवू नको. माझं काय व्हायचं ते व्हईल. रोपं का मारतो?"

पुढे पुण्यात मी पुष्कळ ऑफिसांची कामं कॉम्प्युटरवर आणली. आधी आठवडाभर तिथल्या माणसांच्या मागे हिंडतो. लोक म्हणतात, फार बारकाईनं काम करतो. मला मात्र त्या हंगामाचा शेवट आठवतो.

चाचांचे सगळे प्रश्न घातल्यावर प्रोग्राम उत्तम चालला. मालकांनी शब्द पाळला. शाल-श्रीफळ देण्यासाठी चाचांना खुर्चीत बसवलं. ते बसले, पण पाय हलतच होते. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. चाचा सवयीनं अर्धे उठले. त्याआधीच खिडकीत कॉम्प्युटरवर नव्यानं बसवलेल्या मुलीनं स्क्रीनवर पाहून विचारलं होतं, "रानात वाफसा आहे का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि परत खाली बसले.