बाराच्या घंटेला न हलणारी बाई

प्रयोगशाळेतल्या मावशीला मुली पुतळा मावशी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेची रीत अशी की बाराला चॅपेलची घंटा झाली की सगळ्यांनी असेल तिथे, असेल तसं थांबायचं. फळ्यावर खडू टेकलेला असेल तर तो तसाच, जिन्यात पाय वर असेल तर तोही तसाच. चॅपेलच्या सिस्टर स्पीकरवरून प्रार्थना म्हणत, आणि शेवटचा टोला पडेपर्यंत, म्हणजे दीडेक मिनिट, चारशे मुली फक्त श्वास घेत. नव्या मुलींना हसू फुटे. कुणी हललं तर मावशी नुसते डोळे वटारी. तेवढं पुरत असे.

“मावशी, आज तरी पापणी लववा,” मुली म्हणत.

“लववीन. तुझ्या लग्नात.”

ती सिस्टरांच्या वसतिगृहात वाढली होती. आईबाप कोण, हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. नऊ वर्षांची असताना ऐन घंटेच्या वेळी तिच्या मानेला गांधीलमाशी डसली आणि ती हलली नाही. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरांनी तिला सगळ्या शाळेपुढे उभं केलं. “हिच्याकडून शिका,” म्हणाल्या. पुढे ती आठवीत दोनदा नापास झाली, एकोणिसाव्या वर्षी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली, तिथल्याच मागच्या खोलीत राहायला लागली, आणि त्या एका कौतुकावर तिने एकतीस वर्षं काढली.

बाटल्या धुणं, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना गॅसचा मुख्य कॉक बंद करणं, एवढं तिचं काम.

विज्ञान मंडळात दहावीची एक मुलगी होती. बोटं कायम निळी, म्हणून तिला सगळे शाई म्हणत. प्रार्थना-मंडळाचीही तीच प्रमुख. सकाळी चॅपेलमध्ये डोळे मिटून बसणारी आणि दुपारी मावशीला विचारणारी, की देवाने पाणी आधी केलं की त्यातला हायड्रोजन. विज्ञान प्रदर्शनाआधीच्या सोमवारी बाकीच्या मुली तक्ते आणायला गेल्या होत्या, विज्ञानाच्या बाई कार्यालयात होत्या. शाई बर्नरवर मोरचूद तापवत होती.

“मावशी, पाचच मिनिटं राहू द्या ना. पांढरं पडतंय बघा.”

निळे खडे कडेने पांढरे पडत होते. मावशीचा हात कॉकवरून खाली आला.

घंटा झाली. शाई थांबली. चिमटा हातात, बाही बर्नरच्या अगदी कडेला. बाहीवर आधी तपकिरी डाग पडला. मग बारीक धूर. शाईने मान न हलवता मावशीकडे पाहिलं. विचारत होती ती, हलू का.

आणि मावशीने डोळे वटारले.

मनात काही नव्हतं तिच्या. श्वास येतो तसे ते डोळे वटारले गेले. शाईने नजर खाली घेतली आणि हात तिथेच ठेवला. बाहीने पेट घेतला तेव्हाही स्पीकर चालूच होता. मुलगी ओरडली नाही. मावशीला सगळं दिसत होतं, अगदी स्वच्छ, आणि पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे जमिनीवर होते. शेवटचा टोला पडला, मग ती धावली, आणि ओलं फडकं टाकून तिने आग विझवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सिस्टर मुलींपुढे म्हणाल्या, “मावशी होत्या म्हणून मुलगी वाचली.” टाळ्या वाजल्या. आयुष्यातलं दुसरं कौतुक. ती प्रयोगशाळेत जाऊन धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुवत बसली.

गॅस चालू कसा, असं विचारल्यावर शाईने सांगितलं होतं, “मावशींनी बंद केला होता. मी परत सोडला.”

आता शुक्रवारी बैठक होती. मुलीचा निष्काळजीपणा असा शेरा पडला की प्रदर्शन गेलं, आणि पुढच्या वर्षी विज्ञान शाखाही गेली. त्या मुलीला दुसरं काही नकोच होतं.

गुरुवारी मावशीने फादरांकडे जाऊन पाप कबूल केलं. फादर मऊ आवाजात म्हणाले, “देवाने क्षमा केली तुला. आता शांत हो.”

“आणि तिचं?”

“तिचं काय?”

देवाने माफ केलं असेलही. पण शेऱ्याची फाईल देवाकडे नव्हती. चॅपेलमध्ये ती तासभर गुडघ्यांवर बसली. समोरच्या मूर्तीही हलत नव्हत्या. इतकी वर्षं तिला त्यांचा आधार वाटायचा. आज त्यांच्याकडे पाहवेना.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर बाकावर शाई बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी पांढरा. मावशी पाण्याचं तबक घेऊन आली आणि थांबली.

“खोटं का बोललीस गं?”

“तुम्हाला काढलं असतं. कुठे गेला असतात तुम्ही?”

“आणि हात का नाही काढलास?”

“तुम्ही डोळे वटारलेत ना.” तक्रार नव्हती. तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं ती बोलली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मावशी आत गेली. विज्ञानाच्या बाई खिडकीकडे बघत होत्या. शाईचे वडील खुर्चीच्या टोकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मुख्याध्यापिका शेरा लिहीत होत्या. “विद्यार्थिनीच्या” एवढं लिहून झालं होतं, आणि घंटा झाली.

पेन कागदावर थांबलं. वडिलांना रीत माहीत नव्हती, पण सगळे थांबले तसे तेही थांबले. उघड्या दारातून शाई दिसत होती, अर्धवट उठलेली, तशीच. स्पीकरमधून प्रार्थना सुरू झाली.

मावशीने एक पाऊल टाकलं. तबकातले पेले एकमेकांवर वाजले. मुख्याध्यापिकांनी मान न हलवता तिच्याकडे पाहिलं आणि डोळे वटारले. ती नजर मावशी ओळखत होती. आतून सगळं अंग थांब म्हणत होतं. तिने तबक टेबलावर ठेवलं, त्या कागदावरच.

“गॅस मी चालू ठेवला,” ती म्हणाली. आवाज फार मोठा आला. “तिला चटका बसायला लागला तेव्हा तिने मला विचारलं. डोळ्यांनी. मी नको म्हटलं. मग ती जळत होती आणि मी बघत उभी होते.”

शेवटच्या टोल्यापर्यंत कुणाला बोलता येणारच नव्हतं. वडिलांच्या हातातली टोपी मात्र चुरगळत गेली. शाईच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही.

मावशी खोलीच्या मधोमध हात लोंबते सोडून उभी राहिली. अजून बरीच प्रार्थना उरली होती.