आक्काची गाडी

आमच्या भागात एसटीच्या पाटीवर कुणाचा विश्वास नव्हता. पाटी बहुतेक वेळा आदल्या फेरीचीच असायची. म्हणून गाड्यांना नावं लोकच ठेवत. माधवनगरच्या गिरणीची पाळी गाठून देणारी ती मिलची गाडी, तासगावकडून दुधाचे कॅन आणणारी ती दुधाची. शेजारच्या गावात तर जावयाची गाडी होती. कुणाचा तरी जावई दिवाळसणाला तिच्यातून उतरला आणि थेट शेणात बसला, एवढंच त्याचं कर्तृत्व.

आमच्या गावाला गाडीच नव्हती. ती आणली माझ्या वडिलांनी. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सांगलीच्या डेपोत त्यांनी इतके हेलपाटे घातले, की शेवटी तिथले साहेबच कंटाळले. गाडी मंजूर झाली त्या दिवशी वडील आईला म्हणाले, "आता बग, लोक सुभेदाराची गाडी म्हनत्याल." त्यांना दुसरं काही नको होतं.

पहिली गाडी सकाळी सातला सांगलीला सुटायची होती. ओवाळायला वडिलांची थोरली बहीण खास सासरहून आली होती. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. आक्काचं काम चोख. तिनं बॉनेटला कुंकू लावलं, ड्रायव्हरला ओवाळलं, मग ताट घेऊन आत चढली आणि एकेका बाकड्याला हळदीकुंकू लावत मागं निघाली. इकडं सात वाजले. वडील पडले फौजी. त्यांनी हातानं इशारा केला आणि गाडी सुटली.

"आवं सुभेदार, आक्का आत हाय न्हवं," कुणीतरी म्हणालं. तोवर नुसता धुरळा उरला होता.

आक्का संध्याकाळी त्याच गाडीनं परतली. अनवाणी, हातात तेच ताट आणि ताटात निरांजनाशेजारी भडंगाची पुडी. "लय झ्याक गाडी हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आक्काची गाडी झाली.

वडिलांनी पुष्कळ झगडून पाहिलं. थांब्यावर पदरमोड करून स्वतःच्या हुद्द्याची पाटी लावली. तिच्या खांबाला लोक बैल बांधू लागले. "सुभेदाराची गाडी गेली का?" असं वडील मुद्दाम मोठ्यानं विचारत. "ती न्हाई ठावं, आक्काची आत्ताच गेली," असं उत्तर यायचं. मला हसू यायचं आणि त्यांची कीवही यायची. आक्का माहेरी आली की अंगणातूनच विचारायची, "माजी गाडी येळंवर सुटती न्हवं?" वडील पेपरात तोंड घालायचे.

पुढं सांगलीच्या दवाखान्यात आक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं. वडील मला घेऊन भेटायला गेले. खाटेवर ती एवढीशी दिसत होती. तिनंच आधी विचारलं, "कशानं आलास रं?"

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुज्या गाडीनं."

आक्कानं उशीवरून मान उचलली. "येळंवर सुटली?"

"न्हाई. एक म्हातारी चढत हुती. मीच थांबवली."

आक्का टाक्यांवर हात धरून हसायला लागली, आणि वडील तिला हसू नकोस म्हणत डोळे पुसत राहिले.