फक्त समुद्रासाठी

पोलाद कारखान्याच्या पायाचं खोदकाम चालू होतं, तेव्हा भय्याजी रामटेके एक वळकटी घेऊन पवनीहून भिलाईला आला आणि रिगर म्हणून लागला. क्रेनने वर चढवलेल्या लोखंडी तुळया जागेवर बसवायच्या, हे त्याचं काम. शंभर फुटांवर वीतभर रुंदीच्या तुळईवरून तो असा चालायचा, की खालून बघणारेच डोळे मिटून घेत.

समुद्र त्याच्या डोक्यात भरवला एका रशियन इंजिनिअरने. दुपारी डबा खाताना दुभाष्याला मध्ये बसवून साहेब सांगत होता, की आमच्याकडचा कामगार सुट्टीत समुद्रावर जातो.

"कोण मेलं म्हणून?" भय्याजीनं विचारलं.

कोणी मरत नाही, असं उत्तर आलं. लग्न नसतं, देव नसतो. नुसती मजा करायची.

"मज्या म्हणजे करते काय पर?"

साहेबाने बोटांवर मोजून सांगितलं आणि भय्याजीनं ते एका कागदावर उतरवून घेतलं. लाटांत डुंबणं, रेतीत लोळणं, एकमेकाला रेतीत पुरणं, शिंपले वेचणं, पाण्याकडे पाहत चूप बसणं.

दोन वर्षांनी रजा मंजूर झाली तेव्हा त्यानं पुरीला जायचं ठरवलं. त्याची बायको पंचफुला म्हणाली, "येवढ्या दूर पाणी पाहाले? दारासमोर नळ हाये." पण पिशवी तिनंच भरली. शेजारच्या क्वार्टरातल्या मारोतरावांनी ऐकलं आणि हात जोडले.

"जगन्नाथाचं बोलावणं आलं म्हणा की."

"नाई जी. आमी बुद्धाचे. देवळात नाई, समुद्रात जाऊन राहिलो."

"समुद्रात कावून?"

"मज्या कराले."

मारोतरावांनी जोडलेले हात सोडले. मग घरात जाऊन बायकोला म्हणाले, "भय्याजीले ऊन लागलं वाटते."

पुरीच्या स्टेशनवर उतरताच एक पंडा चिकटला. कौन गाँव, कौन गोत्र? गाव भिलाई, गोत्र रिगर, असं भय्याजीनं सांगून टाकलं.

"दर्शन कब करेंगे?"

"दर्शन नहीं करना. समुंदर में खेलना है."

असा यजमान पंड्याला जन्मात भेटला नव्हता. तरी त्यानं पिच्छा सोडला नाही. हा माणूस केव्हातरी शुद्धीवर येईल, या आशेनं तो मागेमागे फिरत राहिला.

पहिल्या दिवशी डुंबणं. वेताची टोकदार टोपी घातलेले तिथले कोळी, नुलिया, लोकांना हात धरून लाटांत नेतात. भय्याजी कमरेभर पाण्यात गेला, लाट परतली, पायाखालची रेती सरकली, आणि त्यानं नुलियाच्या गळ्याला अशी मिठी मारली की त्या बिचाऱ्याची टोपीच वाहून गेली. बाहेर येऊन तो म्हणाला, "याच्या खाली पक्कं काईच नाई. हे कोणतं काम हाये?"

पंचफुलानं मात्र लुगड्याचा काचा मारला, दुसऱ्या नुलियाचा हात धरला आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. भय्याजी चपला राखत बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद काढला. "आज पुरणं हाये."

"जित्या माणसाले कावून पुरता?" पंचफुला म्हणाली. पण रिगर माणूस, खड्डा त्यानंच नीट मापात खोदला, त्यात बसला आणि तिच्याकडून गळ्यापर्यंत रेती लोटून घेतली. वरून तिनं पायानं चांगली दाबली. मग "आलीच मी एक बुडी मारून" म्हणून गेली, ती गेलीच.

थोड्या वेळानं पाणी जवळ येऊ लागलं. भय्याजीनं हात उचलून पाहिला, उचलेना. ओली रेती लोखंडासारखी बसली होती. पंचफुलाला हाका मारल्या, पण लाटांच्या आवाजात ती तिकडे खिदळत होती. तेवढ्यात पंडा शोधत शोधत आला, तर समोर नुसतं डोकं.

"महाराज," डोकं म्हणालं, "जरा बाहेर निकालो."

पंडा उकिडवा बसला. काही क्षण त्याला सौदा करायचा मोह झाला असावा. "अब तो दर्शन करेंगे?"

"नहीं."

पंड्यानं उसासा सोडला, उपरणं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी रेती उपसायला लागला. छातीपर्यंत मोकळा केला, तोच एक दांडगी लाट आली आणि दोघांना लोळवत वर घेऊन गेली. भय्याजी डोळे चोळत उठला. पंडा मात्र रेतीत पाठीवर पडून हसत होता. पोट धरून हसत होता. म्हणाला, जन्म पुरीत गेला, रोज समुद्रस्नान मंत्र म्हणत केलं, पण असा लोळलो आजच.

उरलेले दोन दिवस तो दर्शनाचा विषय न काढता संध्याकाळी येऊन बसायचा. पंचफुलानं वेचलेल्या शिंपल्यांतले चांगले कोणते ते निवडून द्यायचा.

भिलाईला परतल्यावर मारोतराव अंगणात आले. "कसं झालं?"

भय्याजी म्हणाला, "मले काई तितकं जमलं नाई. पर इले जमलं."

पंचफुला ओट्यावर तांदूळ निवडत होती. पुढं आठवडाभर नळावरच्या बायका तिला गराडा घालून बसल्या. लाटेत तोंड केव्हा मिटायचं, लुगडं कसं खोचायचं, सगळं तिनं हातवारे करून दाखवलं. पुढच्या वर्षी मारोतरावांच्या बायकोनं पुरीचा हट्ट धरला, आणि सोबतीला पंचफुलाच पाहिजे म्हणून अडून बसली. भय्याजीला त्या वेळी रजा नव्हती. त्यानं दोघींना दुर्ग स्टेशनवर पोचवलं, खिडकीशी उभा राहिला, आणि गाडी हलल्यावर हात हलवून, निश्चिंत मनानं, उंचावरच्या आपल्या तुळयांकडे परत गेला.