नेपल्सला पेट्या कोण राखणार?

परतूरच्या मोंढा बाजारातले ते सरकीचे व्यापारी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बराबर?" विचारायचे आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय पुढे बोलायचे नाहीत. बायकोला घेऊन मुलाकडे लंडनला जाताना त्यांची आगबोट इटलीत नेपल्सला एक दिवस थांबणार होती. मी भूगोलाचा मास्तर, म्हणून त्या दिवसाचा बेत आखायला त्यांनी मला घरी बोलावलं.

"आधी किल्ला, मंग बाजार. बराबर?"

मी मान हलवली. "वहिनींना चढ झेपेल ना?"

"ती कशाला उतरती? पेट्या कोन राखंल?"

तुळजापूर असो की काशी, ही बाई दर यात्रेत देवळाबाहेर बोचकी आणि चपला राखत बसलेली. मला संताप आला. "अहो शेठ, बोटीतल्या खोलीला कुलूप असतं!"

"कुलपाचा भरोसा न्हाई."

आतून वहिनी कडाडल्या, "माझा तुमच्यावर हाय ना? मंग तुमी बसा राखत, मी बघून येते इटली!"

शेठ इतके खळखळून हसले की मला वाटलं, सुटल्या वहिनी.

परत आल्यावर शेठनी किल्ला, बाजार, धुरकट डोंगर, सगळं रंगवून सांगितलं. मी विचारलं, "आणि वहिनींनी काय पाहिलं?"

"तिनं? एक पेटी बी हरवू दिली न्हाई. बराबर?"

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण डोक्यात आग असूनही माझी मान सवयीने हलली. वहिनींनी एक कप शेठपुढे ठेवला. माझा त्या तसाच आत घेऊन गेल्या.