ट्रॉली घरी ठेवून गुहागरला

चारचाकी शिकले ती साठी उलटल्यावर. त्याआधी ट्रॅक्टर चालवला, तोही भरल्या उसाच्या ट्रॉलीसकट. त्यामुळं एक खोड लागलीय ती लागलीच. मागं ट्रॉली असल्यासारखं मी प्रत्येक वळण लांबनं घेते. पलूसच्या बाजारात मला येताना बघून भाजीवाल्या टोपल्या आत ओढतात.

म्हणून कोंडाबाईला समुद्र दाखवायला मीच गाडी नेणार म्हटल्यावर दत्तानं ऑर्डर सोडली. दत्ता माझा लेक, मिलिटरीतनं रिटायर झालेला. "आई, घाटात असं लांबनं वळलीस तर समोरच्याच्या अंगावर जाशील. ट्रॉली घरी ठिवून जायाचं. जमत नसंल तर एस्टी हाय."

कोंडाबाई आटपाडीकडची. तिची मेंढरं दरसाल आमच्या रानात खतासाठी बसायची, तवापासनंची मैत्री. मेंढरांमागं चालत ती कुंभार्ली घाट उतरून कैक वेळा कोकणात गेली, पण भातखाचरांच्या पुढं कधी नाही. दर्या थोडा पलीकडंच, पण मेंढरं सोडून जाणार कोण? यंदा मेंढरं पोरानं हाती घेतली, तशी ती म्हणाली, "सुमन, एकदा दाव बाई मला."

सकाळी निघालो. भाकरी, खरडा, शेंगदाण्याची चटणी घरचीच. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल कराडातच भरून घ्या. पाटण सोडलं की दोन्ही अंगाला डोंगर असे हिरवे, की कोंडाबाई हळहळली, "एवढा चारा, आन् खायाला कुणी न्हाई!" कोयनानगरपुढं पाऊस असा कोसळायला लागला, की काच पुसणारे ते दांडे दमले बिचारे.

घाटाच्या तोंडाला धुकं. पुढचं झाडसुद्धा दिसंना. टपरीवर चहा-भजी घेतली. गरम चहा हातात, आणि दत्ताचे शब्द कानात.

कोंडाबाई फुंकर मारत म्हणाली, "फिरव गाडी. दर्या न बघता माघारी जायाची सवयच हाय मला."

हे मात्र लागलं हो मनाला.

एवढ्यात चिपळूणची एस्टी आली. टपरीवाला म्हणाला, "आवं आजी, एस्टीच्या मागं मागं जावा. तिचा तांबडा दिवा सोडू नका, अंतर राखा आन् दुसऱ्या गिअरवर ऱ्हावा."

"कोंडे, बस," मी म्हटलं. "वळण आलं की वरडायचं."

आणि वरडली की! मेंढरं हाकणारा गळा तो. वळण आलं की, "सुमेऽ, ट्रॉली न्हाई मागं!" मी हात आवरायची, गाडी आपल्या बाजूनं गुमान वळायची. डावीकडं धबधबे, उजवीकडं पांढरं धुकं, मधी आम्ही दोघी किंचाळतोय. पायथ्याला धुकं विरलं. एस्टीच्या ड्रायव्हरनं खिडकीतनं हात बाहेर काढून हलवला. लेकाला मेडल मिळालं तवाही मी इतकी फुगले नव्हते.

गुहागरात पावसाळ्यात गर्दी नसते, खोली हजार-बाराशेत मिळाली. जेवायला गरम भात आणि कुळथाची पिठी. ताज्या मासळीचा हट्ट या दिवसांत धरू नका. पाण्यात तर अजिबात उतरू नका, काठावरनं बघा.

आम्हीही काठावरनंच बघितला. करडा, खवळलेला, आभाळापर्यंत. कोंडाबाई पदर डोक्यावर धरून उभी राहिली, मग एक लाट पायावर आली तशी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली.

"आगं, एवढं पानी, आन् एक मेंढरू पिऊ शकत न्हाई!" म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता रडली. मग म्हणाली, "आमचा म्हातारा म्हणायचा, काय न्हाई तितं, नुसतं पानी. खोटारडा मेला!"

दुसऱ्या दिवशी पालशेतवरनं वेळणेश्वर, हेदवी असा किनाऱ्याकिनाऱ्यानं फेरफटका मारला. रस्ता अरुंद, चढउताराचा. समुद्र झाडांमागं लपतो आणि वळणावर एकदम पुढ्यात येतो. अशा वळणांना कोंडाबाई वरडायचंच विसरायची. पण एव्हाना हात आपसूक ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी घाट चढून घरी. शिंपले कोंडाबाईच्या पिशवीत, वाळू आमच्या दोघींच्या चपलांत, आणि कानात अजून ती गाज. भाकरी थापताना मधीच येते, अजूनही.

दत्ता फाटकात उभा होता. मी अंगणात गाडी वळवली ती नेहमीसारखी ऐसपैस, पार तुळशीला वळसा घालून.

"आई," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मागं ट्रॉली न्हाई गं."

कोंडाबाईनं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. "हाय की रं! भरून आणलीया."