नेट बंद, माळ चालू

मंडळी, आज सकाळपासून आपल्या जिल्ह्यात मोबाईलचं नेट बंद हाय. अन् पोरीच्या नर्सिंगच्या अर्जाची आजच शेवटची तारीख!

शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या, "बंदी आपल्या जिल्ह्याच्या टॉवरला हाय. चकलांब्याच्या माळावर जा, तिथं शेजारच्या जिल्ह्याचा टॉवर लागतो."

पोरीला घेऊन धापा टाकत माळावर गेलो, तर अर्धं गाव मोबाईल वर धरून उभं! अर्ज भरला एकदाचा.

तेवढ्यात पोलीस पाटील आले. सकाळी भोंग्यावरून बंदी सांगणारे तेच. मी मोबाईल खिशात लपवला.

"सरक बे जरा," ते म्हणाले, "सायबाला व्हॉट्सॲप करायचंय."

"काय म्हणून?"

"गावात नेट पूर्ण बंद हाय म्हणून!"

लई हसलो. ही पोस्टबी माळावरूनच टाकतोय. तुमच्या गावाचा माळ कुठला?